कार्डावर एक टीम, ट्रॅकवर दुसरी: हा छपाईचा दोष आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षांच्या मुलाला नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या, कार्डांचा नाद लागलाय. कार्डांच्या एका प्रदर्शनात विक्रेत्याने त्याला एक कार्ड दाखवलं. मागे छापलेलं साल नवं, पण समोर ड्रायव्हर जुन्या टीमच्या पोशाखात. त्या सालात तो दुसऱ्याच टीमची गाडी चालवत होता. विक्रेत्याचं म्हणणं, हे 'एरर कार्ड' आहे, म्हणून चाळीस डॉलर. घ्यावं का? आणि एवढी मोठी कंपनी अशी चूक करते तरी कशी?

त्या कारणासाठी घेऊ नका. ती चूक नाहीच. छापलं तेव्हा ते कार्ड बरोबर होतं, नंतर बाहेरचं जग बदललं. मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या शेजारी, कॉन्कॉर्डमध्ये राहतो. शर्यतीचा मोठा ट्रॅक घरापासून जवळ आहे. गेली अठरा वर्षं शनिवार-रविवारच्या कार्ड प्रदर्शनांत माझं टेबल असतं आणि माल बहुतेक शर्यतींचाच असतो. 'एरर' म्हणून दाखवलेल्या दहा कार्डांपैकी नऊ तरी तुमच्या मुलाला दाखवलं तसलीच निघतात. म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

आयपीएलमध्ये खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात गेला की जर्सी बदलते, बाकी तो तोच राहतो. नॅसकारमध्ये ड्रायव्हरने टीम सोडली की त्याच्याजवळ हेल्मेट आणि स्वतःचं नाव एवढंच उरतं. गाडीचा नंबर जातो, कारण नॅसकार नंबर देते तो गाडीच्या मालकाला, ड्रायव्हरला नाही. रंग आणि पोशाखावरची नावं प्रायोजकाची, म्हणून तीही जातात. नवी टीम दुसऱ्या कंपनीची गाडी वापरत असेल तर शेव्हरोले जाऊन टोयोटा किंवा फोर्ड येते. कार्डावर जे जे दिसतं ते बहुतेक सगळं एका सहीने जुनं होतं. गंमत अशी की माणूस घरही बदलत नाही. हेन्ड्रिक टीमचं आवार कॉन्कॉर्डला, जो गिब्सच्या टीमचं हंटर्सव्हिलला, इतर कितीतरी टीम मूर्सव्हिलच्या आसपास, आणि ही सगळी गावं शार्लटजवळच. सकाळी गाडी डावीकडे वळवायची ती उजवीकडे वळवायची, एवढाच त्याच्या रोजच्या आयुष्यातला बदल. कार्ड मात्र पार बदलून जातं.

आता वेळापत्रक बघा. मोसम फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ट्रॅकवर सुरू होतो आणि नोव्हेंबरात संपतो. वर्षातला पहिला कार्डसंच साधारण मोसमाच्या तोंडावर दुकानात यावा लागतो, कारण तेव्हाच लोकांना सगळ्यात जास्त उत्साह असतो. मग त्या कार्डावरचा फोटो कधीचा असणार? आदल्या मोसमातला. नवे पोशाख आणि नव्या रंगाच्या गाड्या कॅमेऱ्यासमोर येतात मोसमाच्या जरा आधी नाहीतर डेटोनाच्या आठवड्यात, आणि तोवर पहिल्या संचाची छपाई होऊन गेलेली असते. वर प्रत्येक कार्डाला बऱ्याच जणांची मंजुरी लागते. नॅसकार, टीम, खुद्द ड्रायव्हर, शिवाय पोशाखावर आणि गाडीवर ज्यांची नावं दिसतात ते. बेसबॉलच्या कार्डात टोपीवरचं चिन्ह पुसून दुसरं रंगवलं की काम भागायचं. वीस-पंचवीस लोगो असलेला फायरसूट, म्हणजे ड्रायव्हरचा आगीपासून वाचवणारा पोशाख, कोण पुसून रंगवणार, आणि रंगवलाच तर परवानगी कोणाकोणाची घेणार?

ही मंजुरी म्हणजे नुसती कागदपत्रं नव्हेत, हे कळायला १९८८ चं उदाहरण पुरे आहे. मॅक्स या शार्लटच्या कंपनीने त्या वर्षी शंभर कार्डांचा संच काढला आणि नॅसकार कार्डांचा आजचा धंदा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. त्याआधीही छोटे संच होते, पण पाकिटं फोडून जमवायचा मोठा संच हाच. आणि त्या संचाच्या पाकिटांत डेल अर्नहार्ट नव्हता! १९८६ आणि १९८७ या दोन्ही मोसमांचा विजेता ड्रायव्हर, त्या काळातला सगळ्यात मोठा माणूस, आणि त्याच्याशी करार जुळला नाही म्हणून त्याचं कार्ड पाकिटात गेलंच नाही. ते लोकांच्या हाती पडलं कितीतरी वर्षांनी, १९९४ मध्ये, मॅक्सच्याच दुसऱ्या संचातून. म्हणून जुन्या संग्राहकांना १९८८ च्या डब्यात अर्नहार्ट शोधणारा नवखा माणूस लगेच ओळखू येतो. तुमच्या मुलाने तरी तो शोधू नये.

टीम बदलण्याच्या बातम्यांचा एक ठरलेला हंगाम असतो, त्याला इथे 'सिली सीझन' म्हणतात. पूर्वी तो शरदात असायचा, आता उन्हाळ्यातच सुरू होतो. पण काही बदल असे आले की कार्ड कंपन्यांना सावरायला वेळच मिळाला नाही.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते २००७ साल. त्या मे महिन्यात डेल अर्नहार्ट ज्युनियरने जाहीर केलं की वडिलांनी उभी केलेली टीम तो मोसम संपल्यावर सोडणार. वडील २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत गेले होते, टीमची मालकी सावत्र आईकडे होती, आणि याला अर्ध्याहून जास्त हिस्सा हवा होता. ते जमलं नाही. जूनमध्ये हेन्ड्रिकशी करार झाला. तरी इथल्या लोकांना वाटत होतं की लाल रंगाचा ८ नंबर तरी त्याच्याबरोबर जाईल. तो आजोबा राल्फ अर्नहार्ट यांचा नंबर. ऑगस्टमध्ये कळलं की नंबरही मिळणार नाही. सप्टेंबरात ८८ नंबरची नवी गाडी लोकांसमोर आली. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे. घरावर ८ चा झेंडा लावलेला. तो त्यांनी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत काढला नाही आणि काढला तेव्हा घडी घालून पेटीत ठेवला. त्या वर्षाची ८ ची कार्डं लोकांनी का जपली हे मला त्या झेंड्यामुळे समजलं.

त्याच बदलाचा दुसरा धक्का पुढे गेला. ज्युनियरला हेन्ड्रिककडे जागा हवी होती, म्हणून काइल बुश बाहेर पडला. वय बावीस. तो जो गिब्सकडे १८ नंबरच्या गाडीत गेला आणि २००८ मध्ये आठ शर्यती जिंकला. शिवाय गिब्सनेही त्याच वेळी शेव्हरोले सोडून टोयोटा धरली. म्हणजे टोनी स्टुअर्ट आणि डेनी हॅमलिन यांनी टीम बदलली नाही, नंबर बदलला नाही, तरी गाडी बदललीच! २००८ ची कार्डं चाळताना नंबर बघून समाधान मानू नका. पोशाखावर बोटाएवढा का होईना, गाडी बनवणाऱ्या कंपनीचा लोगो असतो, तो बघा. फोटो कोणत्या सालचा हे तोच सांगतो.

आणि केसी केन. नव्या माणसाला शिकवायला याच्याइतका चांगला ड्रायव्हर नाही. २००९ मध्ये रिचर्ड पेटी मोटरस्पोर्ट्सची ९ नंबरची डॉज. २०१० मध्ये टीम तीच, नंबर तोच, गाडी फोर्ड. त्या एप्रिलमध्येच ठरलं की २०१२ पासून तो हेन्ड्रिककडे जाणार, पण मधल्या २०११ चं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. मग ऑक्टोबर २०१० मध्ये शार्लटच्या शर्यतीनंतर, पाच शर्यती बाकी असताना, तो पेटींची टीम सोडून रेड बुलच्या ८३ नंबरच्या टोयोटात बसला. ती जागा रिकामी होती, कारण ब्रायन व्हिकर्सला रक्ताच्या गुठळ्यांमुळे मे महिन्यातच थांबावं लागलं होतं. २०११ मध्ये व्हिकर्स परतला, त्याला ८३ परत मिळाला, केनला ४ नंबर दिला गेला. त्या वर्षअखेर रेड बुलने टीमच बंद केली. २०१२ मध्ये केन ठरल्याप्रमाणे हेन्ड्रिकच्या ५ नंबरच्या शेव्हरोलेत. चार वर्षांत चार कंपन्यांच्या गाड्या आणि चार नंबर. यातली ८३ ची गाडी त्याने फक्त पाच शर्यतींत चालवली. त्या पाच आठवड्यांतल्या पोशाखातलं कुठलंही छापील चित्र हाती आलं तर मी दोनदा बघतो, कारण ते काढायला माणसांना वेळच फार थोडा होता.

मोसमाच्या मध्यात झालेला बदल हा वेगळाच प्रकार आहे, आणि माझ्या मते संग्राहकाने तोच नीट समजून घ्यावा. जुनं उदाहरण अर्नी अर्व्हनचं. १९९१ ची डेटोना ५००, म्हणजे मोसमाच्या सुरुवातीची मोठी शर्यत, त्याने कोडॅकच्या पिवळ्या ४ नंबरच्या गाडीत जिंकली होती. जुलै १९९३ मध्ये टॅलाडेगाला हेलिकॉप्टर कोसळून डेव्ही ॲलिसन गेला. तो चालवायचा ती रॉबर्ट येट्सच्या टीमची २८ नंबरची फोर्ड ड्रायव्हरविना राहिली. त्या सप्टेंबरात डार्लिंग्टनच्या शर्यतीत अर्व्हन त्या गाडीत दिसला. जुन्या टीमशी वाद झाला, मन कडू झालं, पण महिन्याभरात त्याने मार्टिन्सव्हिलची शर्यत जिंकली, मग शार्लटची. १९९३ मध्ये छापलेली त्याची बहुतेक कार्डं पिवळ्या पोशाखातली, आणि वर्षाच्या ज्या आठवणी लोकांनी जपल्या त्या काळ्या-पांढऱ्या २८ च्या. कोडॅकच्या गाडीत पुढच्या वर्षी स्टर्लिंग मार्लिन बसला आणि त्यानेही डेटोना ५०० जिंकली. दोन्ही माणसांची कार्डं शेजारी ठेवून बघा: एकच पिवळा रंग, एकच नंबर, दोन वेगळे चेहरे. मुलाला टीम म्हणजे काय आणि ड्रायव्हर म्हणजे काय हे समजावून सांगायला मी हीच जोडी दाखवतो. दोन्ही कार्डं मिळून दोन डॉलरही पडणार नाहीत.

अगदी अलीकडचं सांगायचं तर २८ मे २०२४. स्टुअर्ट-हास टीमने मोसम चालू असतानाच जाहीर केलं की वर्षअखेर टीम बंद. चार ड्रायव्हर चार दिशांना गेले. त्यातल्या चेस ब्रिस्कोने बंद पडत चाललेल्या त्या टीमसाठी सप्टेंबरात डार्लिंग्टनची सदर्न ५०० जिंकली आणि पुढच्या वर्षी तो गिब्सच्या १९ नंबरच्या गाडीत गेला. त्याचं १४ नंबरचं कार्ड मी विकायला ठेवत नाही.

आता तुमच्या मुलाने हातातलं कार्ड वाचायचं कसं. आधी मागची बाजू, मग पुढची. फोटो लवकर ठरतो, मजकूर मात्र छपाईच्या अगदी शेवटापर्यंत बदलता येतो. त्यामुळे पुढे जुना पोशाख आणि मागे 'या मोसमात अमुक टीमकडे जात आहे' अशी ओळ, हे पुष्कळदा दिसतं. ती ओळ असेल तर कंपनीला बदल माहीत होता, फोटो मिळाला नव्हता. ओळ नसेल तर बातमी छपाईनंतर आली. मागच्या आकडेवारीची शेवटची ओळ कोणत्या मोसमाची आहे तेही बघायचं. त्यावरून कार्ड कधी तयार झालं याचा अंदाज बांधता येतो. काही वेळा ड्रायव्हर साध्या शर्टात, नुसता चेहरा, गाडी कुठेच नाही, असं कार्ड मिळतं. तेही बहुधा याच अडचणीतून आलेलं असतं.

मग खरं एरर कार्ड कोणतं? ज्यात एकाच्या नावाखाली दुसऱ्याचा फोटो आहे, नाव चुकलं आहे, फोटो उलटा छापल्यामुळे नंबर आरशातल्यासारखा दिसतो आहे. आणि त्यालाही भाव येतो तो कंपनीने चूक लक्षात येताच छपाई थांबवून दुरुस्त कार्ड काढलं असेल तरच, कारण मग चुकीच्या प्रती थोड्या उरतात. चूक शेवटपर्यंत तशीच राहिली तर सगळ्याच प्रती चुकीच्या, मग दुर्मीळ काय उरलं? तुमच्या विक्रेत्याला एवढंच विचारा: याचं दुरुस्त कार्ड दाखवता का?

जास्त सावध राहायचं ते तुकडे असलेल्या कार्डांत. १९९६ मध्ये प्रेस पास या कार्ड कंपनीने 'बर्निंग रबर' नावाची कार्डं काढली, शर्यतीत वापरलेल्या टायरचा तुकडा आत बसवून. खेळात वापरलेली वस्तू कार्डात घालायची पद्धत बेसबॉलच्या आधी इथे सुरू झाली. मग गाडीचा पत्रा आला, फायरसूटचं कापड आलं. टीम बदलली की इथे गुंता होतो: फोटो नव्या टीमचा आणि कापड जुन्या टीमच्या सूटचं, हे सहज घडू शकतं, कारण साठ्यात असेल ते कापड वापरलं जातं. मी एकदा एकशे साठ डॉलर देऊन एक कार्ड घेतलं, नव्या टीमच्या पहिल्या वर्षाच्या सूटचा तुकडा समजून. विकणाऱ्यानेही तसंच सांगितलं होतं. घरी येऊन मागची बारीक अक्षरं वाचली. तुकडा शर्यतीत वापरलेल्या सूटचा आहे एवढंच लिहिलेलं, कोणत्या वर्षाचा, कोणत्या गाडीचा, काही नाही. आणि कापडाचा रंग जुन्या प्रायोजकाचा. दुकानातच वाचायला हवं होतं. काही कार्डांवर नेमकी शर्यत आणि तारीख दिलेली असते, काहींवर नसते, आणि किमतीतला फरक त्या एका वाक्यात असतो.

सहीचं तसंच. एक सही थेट कार्डावर केलेली असते, दुसरी पारदर्शक स्टिकरवर करून नंतर चिकटवलेली. स्टिकरवरची सही टीम बदलण्याच्या कितीतरी आधीची असू शकते. काही ड्रायव्हर सहीखाली आपला नंबर लिहितात. फोटोत एक नंबर आणि सहीखाली दुसरा असं थेट कार्डावर सही केलेलं कार्ड मिळालं, तर मला ते फार आवडतं. फोटोनंतर आणि सहीच्या आधी काय घडलं ते त्या दोन आकड्यांत दिसतं. मात्र सही कार्ड कंपनीनेच घेतलेली आहे असं मागे लिहिलेलं हवं. नंतर कोणी ट्रॅकवर घेतलेल्या सहीला वेगळा पुरावा लागतो.

एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत, कारण त्यांना त्यात पैसे कमी सुटतात: हीरो कार्ड. मोठ्या आकाराचं, जवळपास वहीच्या पानाएवढं, प्रायोजक किंवा टीम फुकट वाटते ते. दर मोसमाला नवं निघतं, आणि ड्रायव्हर गेला की उरलेला गठ्ठा वाटायचं कारणच संपतं, तो टाकून दिला जातो. पाकिटातली कार्डं लाखो माणसं प्लास्टिकमध्ये घालून ठेवतात, हीरो कार्ड लोक भिंतीला टाचणीने लावतात आणि दोन वर्षांनी फेकतात. म्हणून मोसमाच्या मध्यात टीम सोडलेल्या ड्रायव्हरचं, थोडेच आठवडे वाटलं गेलेलं हीरो कार्ड मिळणं खरोखर कठीण. प्रदर्शनात टेबलाखालच्या खोक्यात ती असतात, डॉलरला एक. तुमच्या मुलाला त्या खोक्यापाशी बसवा. तासभर हलणार नाही, माझाच अनुभव आहे.

भावाचं थोडक्यात: १९९० ते १९९४ च्या काळात ही कार्डं बेसुमार छापली गेली. त्या काळातल्या बंद डब्यांना आजही फारसा भाव नाही, जुने आहेत म्हणून कोणी गळ्यात मारेल तर घेऊ नका. प्रेस पास २०१५ च्या सुरुवातीला बंद झाली. २०१६ पासून पॅनिनी या कंपनीची कार्डं आली, तेव्हा मोजक्या प्रतींची, क्रमांक छापलेली कार्डं वाढली. अशा कार्डात जुन्या टीमचा फोटो असेल तर भाव कमी-जास्त होतो तो ड्रायव्हरप्रमाणे. नव्या टीमकडे जाऊन तो जिंकत राहिला तर लोक नव्या टीमचं पहिलं कार्ड मागतात. जुन्या टीमशी त्याचं नाव कायमचं जोडलेलं असेल, जसं ज्युनियर आणि ८, तर शेवटच्या वर्षाचं जुनं कार्ड मागतात. मॅट केनसेथ तेरा पूर्ण मोसम राऊशच्या टीमकडे होता आणि २०१३ मध्ये गिब्सकडे जाऊन पहिल्याच वर्षी सात शर्यती जिंकला. त्याच्याबाबतीत गिऱ्हाइकं अजून अर्धी-अर्धी वाटलेली आहेत.

तर त्या चाळीस डॉलरच्या कार्डाचं काय? त्याच संचातल्या त्याच ड्रायव्हरच्या साध्या कार्डाचे नुकतेच झालेले प्रत्यक्ष व्यवहार बघा, मागितलेल्या किमती नव्हेत, विकल्या गेलेल्या. बहुधा दोन-तीन डॉलर निघतील. तेवढे द्या, आणि त्याच ड्रायव्हरचं नव्या टीममधलं पहिलं कार्ड शोधून दोन्ही एकाच पानाच्या दोन खिशांत शेजारी लावायला सांगा. मधल्या खिशात वहीचा कागद कापून तारीख लिहू दे, टीम बदलल्याची बातमी आली त्या दिवसाची. ती तारीख मुलाने स्वतः शोधावी. तुम्ही सांगू नका.